उजव्या हेडलाइटचा बल्ब दर दोन महिन्यांनी जातो? जास्त वॅटचा घेण्याआधी हे तपासा

उजवा हेडलाइट मंद होत जातो आणि एके दिवशी बंद पडतो. नवा बल्ब बसवला की लख्ख पेटतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. डावीकडचा मात्र बिनतक्रार चालू असतो. माझ्या गाडीने दोन पावसाळे हाच त्रास दिला, आणि तेवढ्यात मी जास्त वॅटचे बल्ब, निळसर बल्ब, एलईडी असं सगळं करून पाहिलं. शेवटी दोष सापडला तो बल्बच्या मागच्या तीन पिनांच्या होल्डरमध्ये आणि मडगार्डच्या आतल्या एका गंजलेल्या बोल्टखाली. ज्यांचं असंच चाललंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

गाडी २०१३ची, छोटी हॅचबॅक, एच४ बल्बची. एच४ म्हणजे एकाच बल्बात दोन फिलामेंट, लो बीमचं ५५ वॅटचं आणि हाय बीमचं ६० वॅटचं. खोक्यावर ‘१२ व्होल्ट ६०/५५ वॅट’ असं छापलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हाच बल्ब असतो. तुमच्या गाडीत लो आणि हायला वेगवेगळे बल्ब असतील, एच७ किंवा एच११, तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल. कंपनीतूनच एलईडी दिवे आलेल्या गाडीला मात्र यातलं काही करायला जाऊ नका.

मी फोंड्याला राहते आणि वाळपईकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. पावसाळ्यात शाळेतली कामं उरकून निघायला उशीर झाला की उसगाव येईपर्यंत काळोख होतो. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. दिव्याचा उजेड तो पुढच्या पुढे सारतो, आपल्या डोळ्यांकडे फारसा परत पाठवत नाही. म्हणून उन्हाळ्यात पुरेसा वाटणारा दिवा जुलैत अपुरा पडतो. त्यात रस्त्यावर बसलेली गुरं. ओल्या डांबरावर काळी म्हैस बसलेली असली तर ती दिसेपर्यंत ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. हे भय ज्यांनी अनुभवलंय त्यांना ‘दिवे वाढवून घेऊया’ असं का वाटतं ते वेगळं सांगायला नको.

मला ते वाटलं चोर्ला घाटात. बेळगावहून माहेरून परत येत होते, आई शेजारी बसली होती. कणकुंबी मागे पडली तसं धुकं खाली उतरलं. आईने विचारलं, “दिवे लावलेस ना गं?” दिवे लागलेले होते. केरीला उतरेपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन जास्त उजेडाचा बल्ब मागितला.

दुकानदाराने १००/९०चा जोड दिला. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं होतं, ते मी घरी आल्यावर वाचलं. पहिले काही दिवस उजेड वाढल्यासारखा वाटला. चवथीला सासरच्या मूळ घरी गेलो तेव्हा तर मी सगळ्यांना सांगत होते. दिवाळीनंतर उजवा दिवा गेला. गॅरेजवाल्याने नवा बल्ब घातला, चालू झाला. पुन्हा गेला. “शंभर-नव्वद टिकत नाहीत,” म्हणून साधा ६०/५५ घातला, पण निळसर काचेचा. तोही दोन महिन्यांत गेला. मग एलईडी. त्याने काय काय झालं ते पुढे सांगते. एलईडी काढून पुन्हा साधा हॅलोजन घातला, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उजवा दिवा पुन्हा बंद.

या वेळी मी साखळीला एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांनी बल्ब काढला, उजेडाकडे धरून पाहिला, मल्टिमीटरचे दोन काटे (वायरींची टोकं) पिनांना टेकवले, मीटर वाजला, म्हणजे आतली तार शाबूत. “बाई, बल्ब बरो आसा,” ते म्हणाले. मग होल्डर माझ्या हातात दिला. पांढऱ्या प्लास्टिकचा होल्डर एका पिनेभोवती तपकिरी होऊन फुगला होता. आतली पितळी पट्टी, जी बल्बची पिन चिमटीत धरते, ती काळी पडून उघडी झाली होती. चिमटीत जोर उरलाच नव्हता. बोटाने ओढला तरी होल्डर सुटून आला, तर डावीकडचा काढायला दोन्ही हात लावावे लागले.

घरी आल्यावर गाडीच्या डिकीतली पिशवी उघडली. ‘गेलेले’ बल्ब मी टाकले नव्हते, काच म्हणून वेगळ्या कचऱ्यात द्यायचे होते. चार बल्ब होते. चारपैकी तीन शाबूत निघाले.

म्हणजे झालं होतं असं. पिन आणि पट्टी यांच्यामध्ये काळा थर बसायचा, संपर्क तुटायचा, दिवा बंद पडायचा. नवा बल्ब घालताना पिन त्या थरावर घासली जायची, तेवढ्या जागी धातू उघडा पडायचा, दिवा लागायचा. आपल्याला वाटायचं, नव्या बल्बाने काम केलं. जुनाच बल्ब काढून परत घातला असता तरी तो लागला असता. ही चाचणी फुकट आहे आणि ती सगळ्यांत आधी करावी: दिवा गेला की तोच बल्ब काढा, नीट पाहा, परत बसवा. लागला तर बल्बवर पैसे घालवू नका.

बल्ब खरंच गेलाय का, हे ओळखायला मीटरची बीप पुरे. एच४ला तीन पिना असतात, एक सामाईक आणि दोन फिलामेंटांच्या दोन. कोणती कशाची हे पाठ करायची गरज नाही. कोणत्याही दोन पिनांमध्ये मोजा, तिन्ही जोड्यांत बीप आली तर दोन्ही फिलामेंट शाबूत आहेत. थंड फिलामेंटचा रोध एका ओहमच्याही खाली असतो, त्यामुळे बीप ठणठणीत येते. मीटर नसेल तर उजेडात धरा, तुटलेली तार दिसते.

बल्ब खरोखरच उडत असेल तर

तर मेलेला बल्बच कारण सांगतो, त्याला टाकण्याआधी बघा. काचेवर एखादा फोड आलेला किंवा दुधाळ डाग दिसला तर तो बोटाचा ठसा आहे. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असते. घामातलं मीठ तिच्यावर राहिलं आणि ती तापली की त्या जागी काच कमजोर होते. आपल्याकडे मे महिन्यात बॉनेटखाली हात घातला की तो कोरडा राहणं अशक्य, तेव्हा बल्ब धातूच्या पट्टीलाच धरायचा, आणि चुकून काचेला हात लागलाच तर स्पिरिटने पुसून, सुकवून मग बसवायचा. काचेच्या आत पांढरी पूड दिसली तर आत हवा शिरली आहे, म्हणजे बल्बला कुठेतरी तडा आहे. फिलामेंटची टोकं वितळून गोळा झाली असतील आणि दोन्ही बाजूंचे बल्ब पाठोपाठ जात असतील तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्रावर घ्या. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.४ हवं. १४.८च्या वर सतत जात असेल तर त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं तर फिलामेंटचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा हा नाजूक मामला आहे. आणि बल्ब धरून ठेवणारी स्प्रिंगची क्लिप सैल असेल तर आपल्या खड्ड्यांतून तो थरथरून मरतो. ती क्लिप दोन्ही बाजूंनी खाचेत बसलीय का, हे एकदा बोटाने चाचपून पाहा.

माझ्या बाबतीत यातलं काही नव्हतं. एक खूण मात्र मी वर्षभर पाहत होते आणि तिचा अर्थ मला लागला नव्हता. खड्ड्यात चाक आदळलं की उजवा दिवा क्षणभर मंदावायचा आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरचं हाय बीमचं निळं चिन्ह अंधुक पेटायचं. हाय बीम लावलेला नसताना. हे दिसलं तर एच४च्या गाडीत समजावं की त्या दिव्याची अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंटची गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायची वाट, तुटते आहे. करंटला पत्र्याकडे जायची सरळ वाट मिळत नाही, मग तो लो फिलामेंटमधून त्याच बल्बच्या हाय फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, हायच्या वायरीतून दुसऱ्या दिव्याकडे जातो आणि तिथून पत्रा गाठतो. वाटेत त्या निळ्या चिन्हालाही थोडा करंट मिळतो. वर्गात मुलांना समांतर आणि एकसर जोडणी शिकवते, आणि स्वतःच्या गाडीत ती दिसत असून ओळखली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

व्होल्टेज कुठे गळतं ते मोजायचं कसं

हा भाग थोडा धीराने वाचा, सगळं इथेच आहे.

साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, लो बीम चालू, होल्डर बल्बला लावलेलाच. होल्डर काढून मोजलं तर करंटच वाहत नाही, आणि गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. गॅरेजात बहुतेक वेळा इथेच फसगत होते: होल्डर काढून टेस्ट लॅम्प लावतात, तो पेटतो, आणि ‘सप्लाय बरोबर आहे’ असा निकाल देतात. तेव्हा मीटरचा काटा होल्डरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून, धातूला टेकेपर्यंत सरकवा. वायरी ओरबाडू नका.

आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. माझं आलं १३.९. मग लाल काटा बॅटरीच्या प्लसवर आणि काळा होल्डरच्या लो बीमच्या वायरीवर. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज प्लसच्या वाटेवर, म्हणजे स्विच, फ्यूज, जोड आणि वायरी यांत गळतंय. माझं आलं १.२. मग काळा काटा बॅटरीच्या मायनसवर आणि लाल होल्डरच्या सामाईक वायरीवर. ही अर्थच्या वाटेवरची गळती. माझी आली १.५. म्हणजे १३.९मधून २.७ वजा जाऊन बल्बला मिळत होते ११.२ व्होल्ट. कोणत्याही एका वाटेवर अर्ध्या व्होल्टच्या वर गळती असेल तर तिथे काम आहे असं समजा.

अडीच-तीन व्होल्टने काय एवढं, असं वाटेल. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, साधारण ३.४व्या घाताने कमी होतो. बल्बचा छापील उजेड १३.२ व्होल्टवर मोजलेला असतो, एच४च्या लो बीमचा १००० लुमेन आणि हायचा १६५०. ११.२ व्होल्टवर त्यातला जेमतेम ५७ टक्के उरतो. म्हणजे चोर्ल्यात मी जवळजवळ अर्ध्या दिव्यावर गाडी चालवत होते, आणि आईचा प्रश्न अगदी रास्त होता.

आता १००/९०चं गणित बघा. ५५च्या जागी ९० वॅट आला की करंट साधारण दीडपट होतो. वायर तीच, जोड तेच. गळती करंटबरोबर वाढते, त्यामुळे बल्बला आणखी कमी व्होल्टेज मिळतं आणि वाढीव वॅटचा बराचसा उजेड वाटेतच जातो. आणि जोडावरची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: दीडपट करंट म्हणजे त्याच जोडावर सव्वादोन पट उष्णता. आधीच कळंक चढलेल्या चिमटीवर ही उष्णता पडली, पितळी पट्टीचा ताण गेला, प्लास्टिक फुगलं. पुढे साधा ५५ वॅटचा बल्ब घातला तरी चिमटी परत आवळली जाणार नव्हती. होल्डर मेला तो १००/९०ने, आणि नाव पुढच्या प्रत्येक बल्बचं खराब झालं.

आणखी एक नुकसान डोळ्यांना लगेच दिसत नाही. आतला रिफ्लेक्टर म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा. जास्त वॅटच्या उष्णतेने तो धुरकट होतो, आणि एकदा धुरकटला की घासून परत येत नाही. माझ्या उजव्या दिव्यात बल्बच्या वरच्या बाजूला तळहाताएवढा डाग आहे. तो आता तसाच राहणार.

ज्यांच्याकडे फ्यूज उडतोय म्हणून कोणी १५ अँपिअरच्या जागी २५चा घालून दिलाय, त्यांनी आजच काढावा. फ्यूज वायरीचा राखणदार आहे. जाड फ्यूज घातला की उडायचं काम वायर करते, आणि वायर उडते ती आग लावून.

दुरुस्ती

आधी अर्थ, कारण ती स्वस्त आणि बहुतेकांची तीच बिघडलेली असते. हेडलाइटच्या जुडग्यातून एक काळी वायर निघून जवळच्या पत्र्याला बोल्टने बसवलेली असते. माझ्या गाडीत ती उजव्या मडगार्डच्या आत, वॉशरच्या टाकीमागे होती. बोल्ट सोडवल्यावर रिंगच्या खाली तांबूस पूड आणि वायरीच्या टोकाला हिरवा कळंक निघाला. समुद्राची हवा, चार महिने पाऊस आणि चाकाने उडवलेला चिखल, याच्यात पत्र्याचं दुसरं काही होत नाही. बॅटरीचा मायनस काढून ठेवा. पत्रा चकाकेपर्यंत सँडपेपरने घासा. वायरीचं टोक हिरवं झालेलं असेल तर तेवढं कापून नवी रिंग दाबून बसवा. दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा जाड थर द्या. थर वरून द्यायचा, रिंग आणि पत्र्याच्या मध्ये नाही.

नुसतं एवढं केल्यावर अर्थची गळती १.५वरून ०.६वर आली. उरलेली होल्डरमध्ये होती.

मग होल्डर. फुगलेला होल्डर पक्कडीने दाबून परत वापरू नका. मी दोन्ही बाजूंना सिरॅमिकचे घातले. ते उष्णतेने फुगत नाहीत, मात्र ठिसूळ असतात, जोर लावून ढकलू नका.

प्लसच्या वाटेसाठी रिले, म्हणजे थोड्या करंटने चालणारा स्विच. तयार हार्नेस मिळतो: दोन रिले, फ्यूज, जाड वायरी आणि सिरॅमिक होल्डर असा जोडूनच. त्याची कल्पना सोपी आहे. आत्ता दोन्ही दिव्यांचा सगळा करंट, सुमारे दहा अँपिअर, स्टिअरिंगजवळच्या छोट्या स्विचमधून लांबचा फेरा मारून येतो. रिले लावल्यावर स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा, आणि दिव्याचा करंट बॅटरीवरून आखूड, जाड वायरीने थेट यायचा. रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३०वर बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. ८७वरून दिव्याकडे. ८५ आणि ८६ या इशाऱ्याच्या दोन पिना, एक जुन्या होल्डरमधून, दुसरी अर्थला. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवा. दिव्याच्या वायरी अडीच चौरस मिलिमीटरच्या असाव्यात. स्वस्त हार्नेसमध्ये बाहेरचं प्लास्टिक जाड आणि आत तांबं बारीक असतं, तेव्हा टोक सोलून बघितल्याशिवाय घेऊ नका. रिले तोंड खाली करून बसवा, म्हणजे पाणी पिनांवर साचत नाही.

काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. दिवे चालू असताना सामाईक पिनेवर बॅटरीएवढं व्होल्टेज दिसलं तर तुमची गाडी त्यातली आहे. तिला त्या पद्धतीचाच हार्नेस लागतो. साधा लावला तर दिवे विचित्र वागतात आणि माणूस पुन्हा बल्बवर संशय घेतो.

माझं हे काम साखळीच्या त्या इलेक्ट्रिशियननी दोन तासांत केलं. मूळ वायर एकही कापली नाही, उद्या हार्नेस काढला तर गाडी होती तशी होईल. नंतर मोजलं: प्लसची गळती ०.२, अर्थची ०.२, बल्बवर १३.५ व्होल्ट. ११.२वरून १३.५ म्हणजे तोच ५५ वॅटचा बल्ब जवळजवळ १.९ पट उजेड देतो. वाढीव बल्ब इतका उजेड देत नाही. ‘१३० टक्के जास्त’ असं लिहिलेल्या चांगल्या कंपन्यांच्या ६०/५५ बल्बांत फिलामेंट बारकाईने गुंडाळलेलं आणि वायूचा दाब जास्त असतो, त्यांचा फायदा होतो हे खरं. पण तो आकडा रस्त्याच्या एका ठरावीक पट्ट्यापुरता आणि कायद्याने लागणाऱ्या किमान उजेडाशी तुलना करून दिलेला असतो, आणि असे बल्ब आयुष्याने कमी असतात. वायरिंग नीट केल्यावर हवा तर घ्या, वॅट तेवढाच ठेवून.

निळसर काचेचा मात्र घेऊ नका. निळा थर पिवळा उजेड गाळून टाकतो, म्हणजे आहे तो उजेडही कमी होतो. पांढरा ‘दिसतो’ एवढंच.

एलईडीबद्दल, कारण सगळे तेच विचारतात

मी घातले होते. भिंतीवर मारून बघितले तेव्हा डोळे दिपले. रस्त्यावर गाडीच्या अगदी पुढ्यात पांढराशुभ्र चटई अंथरल्यासारखा उजेड आणि त्यापुढे काळोख. हॅलोजनचा रिफ्लेक्टर एका ठरावीक जागी असलेल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चकत्या त्या जागी तंतोतंत बसत नाहीत, उजेड कुठेही फेकला जातो, वरसुद्धा. समोरचा प्रत्येक जण मला दिवे मारून दाखवत होता. खांडेपारच्या अलीकडे एक स्कूटरवाला डोळ्यांवर हात धरून रस्त्याच्या कडेला थांबला. मागे एक बाई आणि तिच्या मांडीवर मूल होतं. त्या रात्री घरी पोचल्यावर मी ठरवलं की हे काढायचे. आपल्याला दिसावं म्हणून दुसऱ्याला आंधळं करणं मला पटत नाही. आणि मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२मध्ये कंपनीच्या मूळ घडणीत बदल करण्यावर बंधन आहे, हेही ध्यानात असू द्या.

धुक्यात तर ते पांढरे दिवे आणखी वाईट, समोर दुधाची भिंत उभी राहते. रेडिओवर खरखर सुरू झाली ती वेगळी. पण माझं सगळ्यांत मोठं नुकसान झालं ते एका साध्या गोष्टीने. एलईडीच्या मागे पंखा असतो, तो आत मावेना म्हणून बसवणाऱ्याने उजवीकडचं रबरी बूट कापलं. हेडलाइटच्या मागे बल्बभोवती जी काळी रबरी टोपी असते ती. एलईडी काढल्यावर कापलेलं बूटच परत लावलं गेलं. तेव्हापासून दमट हवा थेट होल्डरवर जात होती. तेव्हा होल्डर तापून कमजोर झाला होता तो १००/९०ने, आणि त्याला गंज चढला तो या कापलेल्या बुटाने. नवं बूट शंभर-दीडशे रुपयांच्या आत मिळालं. बसवताना ‘वर’ लिहिलेली किंवा खूण असलेली बाजू वरच राहील असं बघा, पाणी निघून जायची भोकं खाली असतात.

पावसानंतर काचेच्या आत थोडी वाफ धरली आणि दिवे लावल्यावर अर्ध्या तासात गेली तर काळजी नको. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर बूट किंवा काचेची कड फुटलीय.

काच आणि नेम

वायरिंग झाल्यावरही मला डावा दिवा धूसर वाटत होता. बाहेरची ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट. तिच्यावरचा संरक्षक थर आपल्या उन्हात झिजतो आणि ती पिवळी पडते. गाडी रोज दुपारी शाळेच्या मैदानात एकाच दिशेला तोंड करून उभी असते, डावा दिवा पश्चिमेच्या उन्हात. टूथपेस्टने घासून उजळते खरी, पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पिवळी होते, कारण थर परत येत नाही. रंगावर चिकटपट्टी लावून पाण्याबरोबर १०००, २००० आणि ३००० नंबरचा पेपर क्रमाने फिरवायचा, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट. हा शेवटचा हात चुकवलात तर मेहनत फुकट.

नेम शेवटी धरायचा, कारण बल्ब आणि होल्डर हलवले की तो बदलतोच. टायरमध्ये हवा नीट, सीटवर एक माणूस, डॅशबोर्डवर दिवे खाली-वर करायची चकती असेल तर ती शून्यावर. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर चिकटपट्टी लावा. लो बीमची वरची कड त्या पट्टीच्या १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे, आणि डावीकडे ती तिरकी वर चढली पाहिजे, म्हणजे रस्त्याची डावी कड आणि तिथून चालणारी माणसं दिसतात. माझा उजवा दिवा पट्टीच्या वीतभर वर मारत होता. इतके दिवस समोरचे दिवे मारून दाखवत होते त्यातले सगळे काही एलईडीमुळे नव्हते.

हे सगळं जूनअखेर झालं. चवथीला आणि त्यानंतर दोनदा चोर्ल्यातून गेले, धुकं तसंच होतं आणि गाडी तितकीच हळू चालवली. पण रस्त्याच्या डाव्या कडेचा पांढरा पट्टा आता वळण संपेपर्यंत दिसतो. उजवा बल्ब तोच आहे, डिकीतल्या पिशवीतला, त्या तीन शाबूत बल्बांपैकी साधा ६०/५५चा. दर महिन्याला एकदा दिवे अर्धा तास लावून, बंद करून होल्डरला बोट लावून बघते. कोमट लागतो. हात मागे घ्यावासा वाटला तर पुन्हा मीटर काढायचा.